तळघरातल्या टाकीत उरलेल्या तेलाचं काय करायचं?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात श्रूजबरी, वेस्टबरो, ॲक्टन, फ्रॅमिंगहॅम या बाजूला घर बघायला लागलात की १९५० ते १९७० च्या काळात बांधलेली घरं हमखास समोर येतात. अंगण मोठं, शाळा चांगली, किंमत नव्या घरापेक्षा जरा आवाक्यातली. तळघरात उतरलं की कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली लंबगोल लोखंडी टाकी दिसते. टेक्सास-कॅलिफोर्नियातून बदली होऊन आलेल्यांनाही ही टाकी नवीनच असते, मग नाशिक-पुण्याहून थेट आलेल्यांचं तर सोडाच. तिच्यातलं तेल जाळून बॉयलर किंवा फर्नेस घर गरम ठेवतो. मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि त्याहून मोठ्या प्रमाणात उत्तरेकडच्या मेन राज्यात, अजूनही असंख्य घरं याच तेलावर थंडी काढतात, कारण गॅसची पाइपलाइन सगळ्या गावांत पोचलेलीच नाही.

आता बरेच जण हीट पंप, म्हणजे विजेवर घर गरम करणारं यंत्र, बसवतात, काही जण गॅसवर जातात, आणि मग मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत हा प्रश्न निघतो: टाकीत तेल उरलंय, त्याचं काय करू? मी सगळ्यांना एकच सांगतो. टाकी काढायची तारीख घेण्याआधी तेल संपवायचा हिशोब मांडा. टाकी काढणारा दारात येऊन उभा राहिल्यावर हा विचार सुरू झाला, तर तेल विकत घेतानाही तुम्हीच पैसे मोजलेले असतात आणि ते उचलून न्यायलाही तुम्हीच मोजता.

आधी या तेलाची थोडी ओळख. याला नंबर दोन तेल म्हणतात आणि ते डिझेलचं सख्खं भावंड आहे. रंग लाल, कारण त्यात मुद्दाम रंग मिसळलेला असतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या डिझेलवर कर असतो, घरच्या तेलावर तो कर नसतो, म्हणून ओळख पटावी यासाठी हा रंग. मॅसॅच्युसेट्समध्ये १ जुलै २०१८ पासून या तेलात गंधक दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे तुमच्या टाकीतलं तेल त्याआधीचं असेल, म्हणजे घर बरीच वर्षं बंद होतं वगैरे, तर ते आजच्या तेलासारखं स्वच्छ नाही हे धरून चाला.

टाकी बहुतेक ठिकाणी २७५ गॅलनची असते. वर हवा राहायला जागा सोडावी लागते, म्हणून प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपासच भरतात. टाकीवर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळीत एक लाल चकती वर-खाली होते, तो काटा. तो पाववर असेल तर आत साधारण साठ-सत्तर गॅलन आहे असं समजा. तेवढ्याचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. ‘डबे भरून नेऊ हळूहळू’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी ऐकावा. शिवाय हे काटे जुने झाले की अडकतात. टाकीला वरून नीट वाजवून पाहा, किंवा तेलवाल्याला काठी टाकून मोजायला सांगा. तो ते दोन मिनिटांत करतो.

तेल संपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ते ज्या बॉयलरसाठी घेतलं तोच बॉयलर. हे इतकं सरळ आहे की लोक विसरतात. हीट पंपवाले बहुतेकदा उन्हाळ्यात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात काम करायला मोकळे असतात, आपण उत्साहाने तेव्हाची तारीख घेतो आणि अर्धी टाकी तशीच उभी राहते. त्यापेक्षा एक हिवाळा आधीपासून ठरवा. जानेवारीत मध्यम आकाराचं घर दिवसाला पाच-सात गॅलन सहज खातं, एप्रिलमध्ये तेच दीड-दोन गॅलनवर येतं. म्हणजे फेब्रुवारी संपता संपता टाकी अर्ध्याच्या आसपास असेल, तर मे उजाडेपर्यंत ती जवळजवळ तळाला लागते. नळाचं गरम पाणीही त्याच बॉयलरवर असेल, तर उन्हाळाभरही थोडं थोडं तेल जळत राहतं, तेव्हा उरलंसुरलं तिथेही खपतं.

यात मुख्य अडचण तेलवाल्याची असते. बहुतेकांची डिलिव्हरी आपोआप चालू असते. बाहेर किती थंडी पडली आणि तुमचं घर किती तेल खातं यावरून ते अंदाज बांधतात आणि तुम्ही न बोलवताच येऊन टाकी काठोकाठ भरून जातात. म्हणून डिसेंबरातच फोन करा, ‘आपोआप’ बंद करून ‘मी बोलावीन तेव्हाच’ असं करून घ्या आणि तसं ईमेलवर लिहून घ्या. दुसरी अडचण उलटी. मार्चमध्ये थंडी लांबली, टाकी तळाला आली आणि तुम्हाला हवंय फक्त तीस गॅलन. बरेच तेलवाले शंभर गॅलनच्या खाली येत नाहीत, आलेच तर जास्त पैसे लावतात. अशा वेळी पेट्रोलपंपावरचं साधं डिझेल चालतं. पाच-पाच गॅलनचे दोन पिवळे डबे आणून टाकीच्या बाहेरच्या नळीतून ओतले की एक-दोन दिवस निघतात. डबा पिवळाच घ्या. इथे लाल डबा पेट्रोलचा, निळा रॉकेलचा, पिवळा डिझेलचा. डब्याच्या रंगाची गफलत होऊन चुकीचं तेल टाकीत गेलं, आणि ते पेट्रोल असलं, तर प्रकरण जिवावर बेतेल.

बॉयलर पुढेही चालू ठेवायचा असेल तर टाकी कोरडी होऊ देऊ नका. तळाशी गाळ आणि पाणी साचलेलं असतं, ते ओढलं गेलं की फिल्टर आणि नोझल तुंबतात, आणि नळीत हवा शिरल्यावर बर्नर पुन्हा चालू करायला माणूस बोलवावा लागतो. बॉयलर मोडीतच जाणार असेल तर मात्र एवढं जपायचं कारण नाही. हीट पंप चालू झालाय, तो एखादा थंड आठवडा नीट सांभाळतोय हे पाहिलंत की जुन्या बॉयलरला शेवटच्या थेंबापर्यंत चालू द्या. फक्त हे जानेवारीत करू नका. घर थंड पडलं तर पाण्याचे पाइप गोठून फुटतात, आणि तो खर्च टाकीभर तेलाच्या कितीतरी पट असतो.

काही जण हीट पंप बसवूनही ‘असू दे, अडीनडीला’ म्हणून टाकी आणि बॉयलर ठेवतात. पहिल्या एक-दोन हिवाळ्यांसाठी हे शहाणपणाचं आहे, मला मान्य आहे. पण मग बॉयलर अधूनमधून खरंच चालवा. टाकीत तसंच पडून राहिलेलं तेल दीड-दोन वर्षांनी बिघडायला लागतं. हवेतला ओलावा आत थंड पत्र्यावर जमून तळाशी पाणी होतं, पाणी आणि तेलाच्या सीमेवर जिवाणू वाढतात, काळपट चिकट गाळ होतो. त्या पाण्याने टाकी आतून, तळाकडून गंजते. बाहेरून रंग झकास दिसत असतो आणि एक दिवस टाकीखाली थेंब दिसतो.

बॉयलर बंदच पडला असेल, किंवा तुम्ही घेतलेल्या घरात तो आधीच काढून टाकलेला असेल, तर तेल जाळायचा मार्ग उरत नाही. मग पहिला प्रयत्न शेजारपाजारी करा. तुमच्या गल्लीत तेलावर चालणारं घर नक्की असेल, आणि वर्षा-दोन वर्षांच्या आतलं स्वच्छ तेल असेल तर कुणीही खुशीने घेतं. पण ते डब्यांनी वाहू नका. बॉयलर दुरुस्त करणाऱ्यांकडे पंप आणि फिल्टर असतो, ते पैसे घेऊन या टाकीतून त्या टाकीत तेल नेऊन देतात. तळाचे पंधरा-वीस गॅलन सोडून द्यायचे, तो गाळ कुणाच्याही बर्नरच्या नशिबी नको. ‘फुकट तेल, स्वतः येऊन उपसून न्या’ अशा जाहिराती तुम्हाला ऑनलाइन दिसतील. देणाऱ्याच्या अंगणात तेल सांडलं तर ते निस्तरायचं कुणी, हे आधी बोलून घ्या. तुम्ही ज्यांच्याकडून तेल घेतलं ते परत घेतील आणि पैसे देतील, ही आशा ठेवू नका. जुन्या टाकीतलं तेल आपल्या चांगल्या तेलात मिसळायची जोखीम त्यांना नको असते.

शेजारी मिळाला नाही, किंवा तेल जुनं असलं, की टाकी काढणारा कंत्राटदार. तो तेल उपसतो, टाकी कापून आतून साफ करतो आणि घेऊन जातो. उपसायचे पैसे बहुधा गॅलनवर लावतात, म्हणूनच आधी तेल कमी करायचं. दोन-तीन जणांकडून भाव घ्या, आणि टाकीत नेमकं किती तेल आहे ते सांगून घ्या, नाहीतर आयत्या वेळी बिल वाढतं. मॅसॅच्युसेट्समध्ये टाकी काढायला गावाच्या फायर डिपार्टमेंटचा परवाना लागतो. ‘परवाना कशाला, शनिवारी येऊन उचलतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या.

डब्या-दोन डब्यांएवढंच तेल असेल तर गावाच्या घरगुती घातक कचरा दिवसाला नेता येतं. बऱ्याच गावांत हा दिवस वर्षातून एक-दोनदाच येतो. लेक्सिंग्टनला आजूबाजूच्या गावांसाठी मिळून एक केंद्र आहे, ते हिवाळ्यात बंद असतं. किती आणि केवढ्या डब्यात घेतील ते आधी विचारा आणि नाव नोंदवून जा. गाडीचं जुनं इंजिन ऑइल दुकानं परत घेतात, त्यात हे तेल खपवू नका. ते वेगळ्या प्रक्रियेला जातं.

काय करू नये, तेही सांगतो, कारण काहीही टाकून न देणं हा आपला स्वभाव. गावाकडे जळकं ऑइल दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, ते पाहून आपण मोठे झालो. इथे ते करू नका. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, मेन वगैरे ईशान्येकडच्या राज्यांत, शहराबाहेरच्या अनेक घरांना स्वतःची विहीर आणि स्वतःची सेप्टिक टाकी असते. अंगणात मुरलेलं तेल तुमच्याच किंवा शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात येऊ शकतं. रस्त्याकडेच्या जाळीत ओतलेलं तर थेट ओढ्यात जातं. सांडलेलं तेल दहा गॅलन किंवा त्याहून जास्त असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याला दोन तासांत कळवायची सक्ती आहे, आणि माती उपसायचा खर्च हजारोंत जातो. घराच्या साध्या विम्यात तो बहुधा बसत नाही. त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, विमावाल्याला आजच विचारा. त्याच दिवशी तळघरात आणखी एक गोष्ट बघा: टाकीपासून बर्नरपर्यंतची तांब्याची नळी उघडी काँक्रीटखालून जाते का. तिला बाहेरून वेष्टण किंवा टाकीपाशी सुरक्षा व्हॉल्व्ह असणं या राज्यात २०११ पासून बंधनकारक आहे.

डिझेलच्या गाडीत हे तेल घालायचा मोह कुणाला झाला तर लाल रंग पकडून देतो. दंड १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. नव्या इंजिनाचं नुकसान झालं तर ते वेगळं. घरात ठेवायच्या रॉकेलच्या हीटरमध्ये तर मुळीच नको. त्याची वात या तेलासाठी नाही. धूर होतो, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड साठतो.

घर विकत घेताना एक बारकावा. इथल्या व्यवहारात टाकीत उरलेल्या तेलाचे पैसे खरेदीच्या दिवशी विकणाऱ्याला द्यायची पद्धत आहे. तेलवाला मोजून पत्र देतो, त्या दिवसाच्या भावाने हिशोब होतो. तुम्ही लगेच हीट पंप बसवणार असाल तर भरलेली टाकी तुम्हाला नकोच असते, तेव्हा वकिलामार्फत आधीच कळवा की आता भरू नका. शेवटच्या पाहणीत काट्याचा फोटो काढा. न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला घर बघत असाल तर सगळ्यात आधी जमिनीखाली जुनी टाकी पुरलेली आहे का, याची यंत्राने तपासणी करून घ्या. ती गळत असेल तर वरचं सगळं किरकोळ वाटावं इतका खर्च येतो.

टाकी गेल्यावर बाहेरच्या भिंतीतली तेल भरायची नळी आणि तिच्या शेजारची हवेची नळी, दोन्ही काढून भिंतीतली भोकं बुजवायला लावा. नुसतं झाकण घट्ट केलं म्हणजे झालं असं नाही. पत्ता चुकलेला किंवा जुन्या यादीवरचा ट्रक येतो, नळी दिसते, आणि टाकीच नसलेल्या तळघरात तेल ओतलं जातं. न्यू इंग्लंडमध्ये असे प्रकार झालेले आहेत. एरवी तेल भरताना आतल्या हवेने एक शिट्टी वाजत राहते, ती थांबली की टाकी भरली असं ड्रायव्हर समजतो. टाकीच नसेल तर शिट्टी वाजणारच नाही, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून झोपू नये. फायर डिपार्टमेंटचा परवाना, कंत्राटदाराची पावती आणि तेल कुठे नेलं याचा कागद असे तिन्ही कागद घराच्या फाइलमध्ये लावा. पुढे घर विकाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील नेमके हेच मागेल.