कपाट आडवंच राहिलं: छोट्या घराचं काम, मोजक्या पैशांत

कपाट 240 सेंटिमीटर उंच आणि छत 245 वर. पाच सेंटिमीटर शिल्लक राहतायत म्हणून मी निर्धास्त होते. दोघांनी ते आडवं आत आणलं, उभं करायला घेतलं आणि अर्ध्यातच त्याचा कोपरा छताला टेकला. आडवं कपाट उभं होताना उंची नाही, कर्ण मोजायचा असतो. 240 उंच आणि 60 खोल कपाटाचा कर्ण 247 च्या वर जातो. मी शाळेत गणित शिकवते, पायथागोरससकट. तीन आठवडे ते कपाट आडवंच होतं आणि आई त्याच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवत होती. शेवटी सुताराने खालचा दहा सेंटिमीटरचा पाया सुटा केला, कपाट उभं केलं आणि मग उचलून पायावर बसवलं.

घर 38 चौरस मीटरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमच्यासाठी नवं, तसं वापरलेलं. पैसे मोजून ठेवलेले. या कामातून मी जे शिकले त्यातलं निम्मं टेपने शिकवलं, म्हणून आधी मापांचंच सांगते.

भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात असं समजू नका. आमच्या बेडरूमच्या कोनाड्याची रुंदी मागच्या बाजूला 182 भरली आणि पुढे 180.5. त्यामुळे प्रत्येक रुंदी तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि वर. सर्वांत लहान माप खरं धरा. जमिनीलगतचं पट्टीटाइल दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर जागा खातं, ते वेगळं वजा करा. दार किती उघडतं, खिडकीची झडप आत येते का, लिफ्टचं दार किती रुंद, जिन्याच्या वळणावर किती जागा, हेही त्याच वहीत लिहा. आणि एकच एकक ठरवा. आमचे सुतार फूट-इंचात बोलायचे, मी सेंटिमीटरमध्ये. एक फळी त्यात वाया गेली.

मग फर्निचर विकत घेण्याआधी ते कागदावर, म्हणजे खरोखरच्या कागदावर घ्या. जुनी वर्तमानपत्रं पलंगाच्या, टेबलाच्या, कपाटाच्या मापाची चिकटवून जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून चाला. ये-जा करायला साधारण 75 सेंटिमीटर लागतात. पलंगाच्या कडेला 60 मध्ये भागतं, पण पलंगाखाली खण असतील तर खण पूर्ण बाहेर येऊन समोर माणूस वाकू शकला पाहिजे. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून 80 तरी हवेत. आमचं चौघांचं टेबल या कागदी परीक्षेतच नापास झालं. भिंतीला बिजागरीने जोडलेली, खाली पडणारी फळी केली. दोघींना ती पुरते.

जमत असेल तर पंधरा दिवस गादी, दोन खुर्च्या आणि एक दिवा एवढ्यावर त्या घरात राहा. सकाळी ऊन कुठे येतं, चार्जर घेऊन आपण कुठे जाऊन बसतो, ओल्या पायांनी कुठून कुठे जातो, हे नकाशावर कळत नाही.

आता पैसे. मी यादीचे दोन भाग केले: भिंतीच्या आतलं आणि भिंतीच्या बाहेरचं. आतलं म्हणजे नळाचे पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग. हे पुन्हा करायचं तर फोडाफोड आली, म्हणून इथे काटकसर करायची नाही. बाहेरचं सगळं, सोफा, पडदे, कपाटाची दारंसुद्धा, वर्षभर थांबू शकतं. एकूण रकमेतले 15 टक्के मी वेगळे काढून ठेवले होते आणि ते ‘नाहीतच’ असं सगळ्यांना सांगितलं होतं. भिंत उघडली की काहीतरी निघतंच. आमच्याकडे जुना गंजलेला पाइप निघाला.

कामाचा अंदाज किमान तिघांकडून घ्या, पण आकडा बघण्याआधी त्यात काय नाही ते बघा. राडारोडा कोण उचलणार? सामान वर कोण चढवणार? माल कुणाचा, कुठल्या जाडीचा? आमच्या सर्वांत स्वस्त अंदाजात या तिन्हींचा उल्लेख नव्हता. हा खर्च धरल्यावर तोच अंदाज सर्वांत महाग ठरला. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, तारखांवर नाही.

रंगाला हात लावण्याआधी ओल बघा. डाग दिसतो तिथे पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर बंद करा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून, खोलीच्या बाजूला असतील तर ती खोलीतली वाफ आहे, तिला खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा पुरतो. भिंतीतल्या ओलीवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर तो पापुद्र्यांनी सुटणार, रंग कितीही भारी असो.

जुन्या फरशीवर नाण्याने टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला धरलेला नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत अशा अकरा फरश्या निघाल्या, तेवढ्याच बदलल्या. रंग तंतोतंत जुळला नाही, म्हणून त्या जागेवर सतरंजी आहे. बाकी फरशी काढलीच नाही, सांधे खरवडून नवं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, भरलं. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक कशाने पडला असं विचाराल तर मी ग्राउटचंच नाव घेईन.

बाथरूममध्ये मात्र हट्ट धरा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून पाणी तुंबवायचं आणि किमान 24 तास ठेवायचं. पातळीवर खूण करा, खालच्या घरात छत पाहून या. मिस्त्री म्हणाले, “ताई, एवढं कुणी करत नाही.” केलं, आणि एका कोपऱ्यातून झिरपलं. टाइल्स बसल्यावर कळलं असतं तर सगळं उखडावं लागलं असतं.

वायरिंगसाठी खडूने भिंतीवर खऱ्या आकारात फर्निचर काढा आणि मग बटणांच्या जागा सांगा. पलंगाशेजारचं सॉकेट पलंगाच्या डोक्यामागे लपलं तर उपयोग शून्य. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी खालची सॉकेट्स जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर घेतली. गीझर आणि एसीसारख्या जड वस्तूंची लाइन वेगळी हवी, हे काम परवानाधारक वायरमनचंच. एखादा रिकामा पाइप आत दोरी सोडून ठेवायला सांगा, पुढे वायर ओढायची वेळ आली तर भिंत फोडावी लागत नाही. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप उघडा धरून. मी आजही खिळा ठोकण्याआधी ते फोटो उघडते.

कामाचा क्रम फार बदलू नका: फोडाफोड, पाइप आणि वायर, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, लांबी आणि प्रायमर, रंगाचा पहिला हात, सुतारकाम, मग शेवटचा हात. पॉलिश केलेल्या लाकडावर कापलेल्या टाइलची धूळ बसली की ती निघता निघत नाही.

रंगावर मी फार बोलणार नाही. आमची मोठी खोली 3 बाय 3.5 मीटर, उंची 2.45. दार-खिडकी वजा जाता भिंती साधारण साडेअठ्ठावीस चौरस मीटर, दोन हात म्हणजे 57. लिटरला दहा चौरस मीटर धरले तर सहा लिटर. दुकानात मला दहा सुचवले होते. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या.

सुताराकडून फक्त अशा वस्तू करून घ्या ज्या तुमच्या वाकड्यातिकड्या जागेतच बसतील. आम्ही कोनाड्यातलं कपाट आणि ओट्याखालचे खण करवले. ओट्याखाली दारांपेक्षा खण बरे, कारण मागची वस्तू काढायला जमिनीवर बसावं लागत नाही. सिंकखाली पाण्याला टिकणारा प्लायच वापरा. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तिथे फुगतो. कापलेली प्रत्येक कड पट्टीने बंद झाली आहे का, ती मागची न दिसणारीसुद्धा, हात फिरवून बघा.

खुर्च्या आणि आरसा जुन्यातले घेतले. खुर्ची उलटी करून सांधे हलवून बघा. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकडात कीड आहे, सोडून द्या. कापडी सोफा आणि जुनी गादी मी फुकटसुद्धा घेणार नाही, ढेकणांचा एक अनुभव आयुष्याला पुरतो.

छताच्या मध्यभागी एकच झगझगीत दिवा लावला की छोटी खोली दवाखान्यासारखी दिसते. आम्ही तीन मंद दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावले: बसायच्या जागी 2700 केल्विनचे (हे प्रकाशाच्या रंगाचं माप) पिवळसर, ओट्यावर 4000 चा पांढरा. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्हीकडे 20 सेंटिमीटर लांब घ्या, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर राहतो आणि काच पूर्ण मोकळी होते.

शेवटचा हप्ता देण्याआधी मी बादली, मोबाइलचा चार्जर आणि एक गोटी घेऊन घरभर फिरले. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावला, दोन मुके निघाले. बाथरूममध्ये गोटी सोडली तर ती जाळीकडे जायच्याऐवजी दाराशी येऊन थांबली. बादली ओतली, पाणीही तिच्यामागे आलं. मिस्त्रींनी काही न बोलता छिन्नी काढली, दाराजवळच्या चार टाइल्स उचलल्या आणि ढाळ पुन्हा दिला. हप्ता मी दुसऱ्या दिवशी दिला.