धर्म न बदलता कायदेशीर लग्न: विशेष विवाह कायद्याची वाट

धर्म वेगळे असले तरी कोणालाही धर्मांतर न करता लग्न करता येते, ते विशेष विवाह कायदा, 1954 खाली. वराला 21, वधूला 18 वर्षे पूर्ण हवीत. लग्नाआधी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते; दोघांपैकी एकाचे तरी त्या नोटिशीच्या लगेच आधी किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवे. भाडेकरार कालचा असेल तर गाडी इथेच अडते.

महाराष्ट्रात नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून देता येते. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळ्या कागदांवर एकसारखे आहेत ना, ते आधी ताडून पाहा.

खरी कसोटी पुढे. नोटीस कार्यालयात लावली जाते आणि 30 दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नातेवाइकांना बातमी लागते ती बहुधा इथूनच. पण हरकतीची कारणे कलम 4 मधलीच चालतात: पहिला जोडीदार हयात असणे, वय, मानसिक अक्षमता, निषिद्ध (लग्नाला मनाई असलेले जवळचे) नाते. वेगळा धर्म किंवा आईवडिलांची नाराजी हे कारणच नव्हे. अधिकाऱ्याने हरकतीवर 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हरकत मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपिलाला पुन्हा 30 दिवस.

हरकत नसेल तर तीन साक्षीदार घेऊन जा. नोटिशीपासून तीन महिने उलटले की ती बाद, सगळे पहिल्यापासून. मंगलाष्टके हवी तर म्हणा. परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे ठराविक शब्द मात्र अधिकारी व साक्षीदारांसमोर उच्चारावेच लागतात.

वारसाहक्काचे नियमही बदलतात. एकत्र कुटुंबातला हिंदू, बौद्ध, शीख वा जैन माणूस या चार धर्मांबाहेरच्या व्यक्तीशी असे लग्न करतो तेव्हा कलम 19 नुसार तो त्या कुटुंबातून विभक्त ठरतो. शेतजमीन सामाईक असेल तर वकिलाला आधी विचारा.