एकदाच मिळालेलं मानधन रिटर्नमध्ये दाखवताना या चुका टाळा

नोकरी सांभाळून एखाद्या संस्थेत प्रशिक्षण दिलं किंवा कुणासाठी तांत्रिक अहवाल लिहून दिला. मानधन ठरलं ६०,००० रुपये, खात्यात आले ५४,०००; देणाऱ्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जेखाली १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ चं रिटर्न भरताना याच रकमेभोवती बहुतेक चुका होतात.

खात्यात आली तेवढीच रक्कम दाखवणं

उत्पन्न ६०,०००च आहे. कापलेले ६,००० हा तुमच्याच वतीने भरलेला कर आहे, त्यामुळे तो उत्पन्नातही धरायचा आणि टीडीएस म्हणून वजाही मागायचा. एआयएस (प्राप्तिकर खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक माहितीपत्रक) आणि २६एएस (तुमच्या नावावरच्या टीडीएसची नोंद) यांत देणाऱ्याने ६०,००० कळवलेले असतात. टीडीएस पूर्ण मागितला आणि उत्पन्न कमी दाखवलं किंवा दाखवलंच नाही, तर रिटर्न सदोष ठरवणारी कलम १३९(९) ची नोटीस येऊ शकते.

टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, असं समजणं

पगार १४ लाख असेल तर नव्या कररचनेत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १३.२५ लाख उरतात. वरचे ६०,००० मग १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतात. कर ९,००० आणि ४ टक्के उपकर मिळून ९,३६०. कापले गेले ६,०००; उरलेले ३,३६० रिटर्न भरण्याआधी तुम्हीच भरायचे.

पगार १२,७५,०००च्या आसपास असणाऱ्यांनी मात्र फार जपून हिशेब करावा. त्यांचं करपात्र उत्पन्न १२ लाख होतं आणि कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य येतो. त्यात मानधनाचे ६०,००० मिळवले की करपात्र उत्पन्न १२.६० लाख आणि टप्प्यांनुसार कर ६९,००० होतो. सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांच्या वरच्या रकमेइतका, म्हणजे ६०,००० वर थांबतो, उपकरासह ६२,४००. थोडक्यात, सगळं मानधन करात गेलं, वर २,४०० खिशातून. टीडीएस वजा जाऊनही ५६,४०० भरायचे राहतात.

हे मार्चअखेरीआधी कळलं तर बरंच काही करता येतं. जुन्या कररचनेशी तुलना करून पाहता येते. फॉर्म १२बीएए भरून मालकाला हे उत्पन्न कळवलं, तर तो पगारातूनच जादा कर कापतो. नाहीतर टीडीएस वजा जाता देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा आगाऊ कर भरावा लागतो. तो ३१ मार्चपर्यंत न भरल्यास १ एप्रिलपासून कलम २३४बीखाली दरमहा १ टक्का व्याज चढतं.

खर्च सोडून देणं

त्याच कामासाठी झालेला प्रवास किंवा साहित्याचा खर्च कलम ५७खाली वजा होतो, पावत्या मात्र हव्यात. वरच्या १२.७५ लाख पगाराच्या उदाहरणात २०,००० चा खर्च दाखवता आला तर कर ६२,४०० वरून ४१,६०० वर येतो. अडचण अशी की आयटीआर-१ या रिटर्नच्या सर्वांत साध्या फॉर्ममध्ये या खर्चासाठी रकानाच नाही. तिथे कलम ५७ची वजावट फक्त कौटुंबिक निवृत्तिवेतनाला मिळते. खर्च मागायचा तर आयटीआर-२ घ्या.

१९४जे दिसलं म्हणून व्यवसाय दाखवणं

टीडीएसच्या कलमावरून उत्पन्नाचा प्रकार ठरत नाही. काम खरोखर एकदाच झालं असेल, तर ते ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ म्हणून दाखवणं योग्य. दरवर्षी किंवा वर्षातून अनेकदा अशी कामं घेत असाल, तर तो व्यवसायच. मग आयटीआर-३ किंवा ४. कलम ४४एडीएची निम्मं उत्पन्न धरण्याची सोय ठरावीक पेशांनाच आहे, केवळ कर वाचतो म्हणून ती घेऊ नका.

एआयएसमध्ये नाही म्हणून वगळणं

२०२५-२६ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० पर्यंतच्या व्यावसायिक मानधनावर टीडीएस कापणं बंधनकारक नाही. अशी रक्कम एआयएसमध्ये कदाचित दिसणार नाही, पण ती करपात्रच आहे.

वर्षाची गल्लत

देणाऱ्याने मार्चमध्ये हिशेबात रक्कम जमा करून टीडीएस कापला आणि पैसे एप्रिलमध्ये पाठवले, असं नेहमी होतं. उत्पन्न आणि टीडीएस एकाच वर्षात दाखवा. २६एएसमध्ये जे वर्ष दिसतं तेच धरणं सर्वांत सोपं. उत्पन्न पुढच्या वर्षी दाखवणार असाल, तर टीडीएसही पुढे ओढावा लागतो.

चलन भरतानाही हाच घोळ होतो. ई-पे टॅक्समध्ये २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी करनिर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं. मार्चअखेरपर्यंत भरलेला तो आगाऊ कर (कोड १००), त्यानंतरचा स्वयंनिर्धारण कर (कोड ३००). चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि क्रमांक रिटर्नमध्ये उतरलेत का, ते पाहा.

एआयएसमधली रक्कमच चुकीची असेल तर तिथे ‘माहिती पूर्णपणे बरोबर नाही’ असा अभिप्राय नोंदवा. पण टीडीएसच्या नोंदीतली चूक फक्त देणाराच सुधारित टीडीएस विवरणपत्र भरून दुरुस्त करू शकतो, म्हणून त्यालाही लेखी कळवा आणि फॉर्म १६ए (टीडीएसचं प्रमाणपत्र) नव्याने मागून घ्या.