बाई उभी राहिली की बातमी कशी लिहायची

आमच्याकडं वार्ड महिलेला सुटला की पारावर पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "आता भाऊ वहिनीला उभं करणार." मी बरीच वर्षं तालुका प्रतिनिधी म्हणून बातम्या लिहितो, जोडीला यूट्यूबवर छोटं चॅनल पण आहे, आणि हे वाक्य मी स्वतः किती वेळा छापलंय याचा हिशोब नाही. त्यामुळं पुढं जे सांगतोय ते शहाणपण म्हणून नाही, ठेचा खाऊन कळलेलं आहे. बातमी लिहिणारे, फ्लेक्सचा मजकूर टाइप करणारे, सभेत माईक धरणारे आणि ग्रुपवर फॉरवर्ड करणारे, सगळ्यांसाठी.

आधी माझी चूक सांगतो. एका झेडपी निवडणुकीत एक बाई अर्ज भरायला तहसीलला आल्या. मी लिहिलं, "मोरपंखी पैठणी, हातात हिरवा चुडा आणि चेहऱ्यावर आत्मविश्वासाचं हसू." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन. "दादा, पैठणी नव्हती ती, साधी इरकल होती. पण ते असू द्या. मी तिथं उभं राहून दहा मिनिटं टँकरवर बोलले, ते कुठं गेलं?" मी वही काढून बघितली तर सगळं लिहिलेलं होतं, गावांची नावं, खेपा कागदावर चार आणि प्रत्यक्षात दोन, टाकी कुठली कोरडी ते सुद्धा. बातमीत आली ती साडी, ती पण चुकीची. त्याच दिवशी तिथं अजून सात पुरुषांनी अर्ज भरले, त्यातल्या एकाच्या पण शर्टाचा रंग मला आठवत नव्हता.

तर बातमी लिहून झाली की सगळ्यात आधी क्रियापद बघा. आपल्या भाषेत सगळी गडबड तिथंच होते. पुरुष असला की "मैदानात उतरले", बाई असली की "मैदानात उतरवलं", "उभी केली", "पुढं केली". अरे पण फॉर्मवर सही कुणाची, डिपॉझिट कुणाच्या नावानं, शपथपत्रात मालमत्ता आणि गुन्हे कुणाचे? तिचेच ना, मग "त्यांनी अर्ज भरला" एवढंच लिहा. आता कुणी म्हणेल, पण खरंच नवराच सगळं बघतो त्याचं काय. बघत असेल तर ती बातमी आहे, जरूर लिहा, पण जे डोळ्यानं दिसलं ते लिहा. "प्रश्न उमेदवाराला विचारला, उत्तर पतीनं दिलं" ही माहिती झाली. "रबरी शिक्का" ही शिवी झाली, आणि गंमत म्हणजे ती बसते बाईला, त्या भाऊला नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे निम्म्या जागांवर बाईच असणार, तरी आपली वाक्यं अजून "नाइलाजानं उभी केली" याच चालीवर.

दुसरं, ती आणि त्या. एकाच बातमीत "ते म्हणाले" आणि चार ओळी खाली "ती म्हणाली" असं मी कितीदा वाचलंय, वय सारखं, पद सारखं, पक्ष पण सारखा. "त्या म्हणाल्या" लिहायला एक अक्षर पण जास्त लागत नाही. "महिला उमेदवार" हा शब्द पण आरक्षणाचं बोलणं असेल तिथंच ठेवा, "पुरुष उमेदवार" कुणी लिहिलेलं बघितलंय का?

आता नात्याचे शब्द, इथं जरा थांबू, कारण लोक यात दोन्हीकडून चुकतात. शहरातले काही जण म्हणतात ताई-बिई सगळं बंद करा. मला ते पटत नाही. आपल्याकडं पुरुषाला पण अण्णा, नाना, तात्या, दादा म्हणतातच, तो मान आहे आणि त्याशिवाय इकडं बोलणंच होत नाही. पण नीट ऐका, ताई, अक्का, माई हे शब्द त्या बाईचे स्वतःचे. वहिनी, सूनबाई, भावजय हे शब्द दुसऱ्या कुणामुळं. वहिनी म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाची? आणि उत्तरात एक पुरुष उभा राहतो. काकू पण तसाच शब्द खरा, पण बीडच्या केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ ला लोकसभेवर निवडून गेल्या आणि काकू हे त्यांचंच नाव होऊन बसलं, तिथं कुणी "कुणाच्या काकू" विचारलं नाही. उलट लातूरचं बघा, २००४ ला रूपाताई पाटील निलंगेकरांनी शिवराज पाटील चाकूरकरांना हरवलं, म्हणजे लोकसभेच्या माजी अध्यक्षांना, आणि पारावर अजून निघतं ते "निलंगेकरांच्या सूनबाई". घराणं ही बातमी असू शकते, मी नाही म्हणत नाही, पण मग त्याच पानावरच्या पुरुषाचा बाप, सासरा आणि चुलता पण छापा.

फ्लेक्सवाल्यांनो, "सौ." टाकायच्या आधी त्या बाईला विचारा. बऱ्याच जणी स्वतःहून म्हणतात टाका, मग बिनधास्त टाका, त्यांचा फ्लेक्स आहे. पण न विचारता टाकू नका, "श्री." वरून माणसाची बायको आहे का नाही काही कळत नाही, "सौ." वरून सगळं कळतं. आणि नवऱ्याचा फोटो उमेदवारापेक्षा मोठा करायला सांगितला तर एकदा तरी विचारून बघा की चिन्ह कुणाच्या नावापुढं आहे.

कौतुकाच्या शब्दांनी पण वाट लागते. रणरागिणी, वाघीण, दुर्गेचा अवतार. सूत्रसंचालक मंडळी हे शब्द खिशात घेऊनच फिरतात. देवी केली की तिला रस्त्याचं, विम्याचं विचारायची सोय राहत नाही, आणि हरली की तीच देवी दुसऱ्या दिवशी "तोंडाळ" होते. "मर्दासारखी लढली" तर नकोच. आणि भाषणात "आम्ही काय बांगड्या भरल्या नाहीत" म्हणणाऱ्याचं ते वाक्य हेडिंगला घेऊ नका, समोर पहिल्या रांगेत बांगड्या भरलेल्या दोनशे मतदार बसलेल्या असतात. रडण्याचं पण तेच, पुरुष "भावूक झाले" आणि बाईला "रडू कोसळलं". आवाज चढवला तर तो "आक्रमक", ती "भांडखोर".

मुलाखतीत "घर आणि राजकारण कसं सांभाळता" हा प्रश्न मी बंद केला. बंद करायच्या आधी एकदा मुद्दाम एका पुरुष उमेदवाराला विचारला, "पोरांच्या डब्याचं कसं करता?" तो माझ्याकडं बघतच राहिला, मग म्हणला, "काय भौ, सकाळीच घेतली का?"

आता घाण बोलण्याचं. चारित्र्यावरून पोस्ट, एडिट केलेले फोटो, "माल" वगैरे. बातमी करताना तो शब्द हेडिंगमध्ये परत छापू नका, नाहीतर आपणच पोस्टमन. आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख, लिंक आणि नंबर दिसेल असा, कारण तासाभरात डिलीट होतं. आचारसंहितेतच लिहिलंय की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करायची नाही. लोकसभा-विधानसभेला केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करता येते, झेडपी-नगरपालिकेला राज्य निवडणूक आयोग असतो, तिथं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी द्या आणि पोच घ्या, पोच विसरू नका. बाईचा अपमान करायच्या हेतूनं बोललेल्या शब्दांना भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, पूर्वीचं दंड विधानाचं ५०९. आणि "काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी, २०१९ ला जयाप्रदांवर बोलल्याबद्दल समाजवादी पक्षाच्या आझम खान यांना ७२ तास आणि २०२४ ला हेमा मालिनींवर बोलल्याबद्दल काँग्रेसच्या रणदीप सुरजेवालांना ४८ तास प्रचारबंदी झाली, त्याच वर्षी ममता बॅनर्जींवरून भाजपच्या दिलीप घोष यांना पण केंद्रीय आयोगानं झापलं. पक्ष कुठलाच धुतल्या तांदळाचा नाही.

ती टँकरची बातमी मी आठ दिवसांनी लावली. गावांची नावं, चार खेपा, दोन खेपा, कोरडी टाकी, सगळं. साडीचा एक शब्द नाही. सकाळी पेपर उघडला तर डेस्कवरच्यांनी फोटो टाकला होता अर्ज भरतानाचा, आणि खाली फोटोओळ: "टँकरप्रश्नी वहिनी आक्रमक."