पहिल्या घराचे अंगण आणि दर्शनी भाग: नागपूरच्या मातीत आणि उन्हात, कमी खर्चात

मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, गोधनी किंवा झिंगाबाई टाकळी अशा भागांतल्या एखाद्या लेआउटमध्ये दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर पहिले घर उभे राहते, तेव्हा रजिस्ट्री, गृहकर्जाचा हप्ता आणि घराच्या आतली कामे यांतच जवळची सगळी रक्कम संपलेली असते. घरासमोर मात्र उरलेल्या रेतीचा ढीग, विटांचे तुकडे, काळ्या मातीची ढेकळे आणि प्लास्टर न केलेले वॉल कंपाउंड तसेच पडून राहते. हे सारे थोड्या पैशांत नीट करता येते. फक्त कामांचा क्रम सांभाळावा लागतो. आधी पाण्याची वाट, मग माती, त्यानंतर भिंत आणि फाटक, आणि शेवटी झाडे, असा हा क्रम आहे. नव्या घरमालकाला तो नेमका उलटा करावासा वाटतो, कारण रंग आणि फुले लगेच डोळ्यांत भरतात आणि जमिनीचा उतार कोणाला दिसत नाही.

आम्हीही तीच चूक केली. मार्चमध्ये घराचा ताबा मिळताच भिंतीला पांढरा रंग दिला आणि एप्रिलमध्ये हिरवळीच्या तयार चटया अंथरल्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वाधिक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याआधीच हिरवळ वाळून गेली, पहिल्या मोठ्या पावसात भिंतीचा खालचा दीड फूट काळ्या चिखलाच्या शिंतोड्यांनी भरला, आणि जुलैत पोर्चच्या पायरीपाशी पाणी साचू लागले. पुढल्या वर्षी तीच कामे पुन्हा योग्य क्रमाने केली, तेव्हा पहिल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी खर्च आला.

पाणी कुठे जाते ते आधी पाहावे

नागपुरात वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि कित्येक घरांत पाणी शिरले, हे शहर विसरलेले नाही. त्यातच अनेक वस्त्यांत नवे सिमेंट रस्ते जुन्या रस्त्यांपेक्षा उंच झाल्यामुळे प्लॉट खाली आणि रस्ता वर अशी स्थिती आली आहे. म्हणून अंगणावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी घेऊन रस्ता, फाटक, अंगण आणि घराचे जोते यांच्या उंचीतला फरक मोजून कागदावर लिहून ठेवावा.

घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने दर ८ फुटांना साधारण १ इंच उतार पुरेसा असतो. उतार फाटकाकडे मिळत नसेल, तर तो बाजूच्या मोकळ्या पट्टीकडे काढून तिथे गिट्टीने भरलेली एक फूट रुंदीची चारी खणावी आणि पाणी नालीपर्यंत न्यावे. घराच्या चारही बाजूंनी अडीच-तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, ज्याला मिस्त्री प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात, तो बिल्डरने केलेला नसेल तर सगळ्यात आधी तोच करून घ्यावा. इथली काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात शिरेल अशा भेगा पडतात. पायाजवळची माती वारंवार ओली-कोरडी झाली, तर भिंतींना तडे जाणे ठरलेलेच आहे. वॉल कंपाउंडचे बहुतेक तडेही याच कारणाने जातात, म्हणून भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करून तिथे रोज पाणी सोडणे टाळावे आणि वाफा किमान दीड-दोन फूट अलीकडे घ्यावा.

फाटकासमोरचा रॅम्प करताना महापालिकेची नाली सिमेंटने बुजवू नये. तिच्यावर उचलता येणारी लोखंडी जाळी टाकावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी गाळ काढता येतो आणि शेजाऱ्यांकडे पाणी तुंबत नाही.

छताचे पाणीही याच वेळी विचारात घ्यावे. १००० चौरस फुटांच्या छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ ९३ लिटर पाणी जमते, म्हणजे ३० मिलिमीटरच्या एका सरीत सुमारे २८०० लिटर. बोअरवेल असेल तर हे पाणी गाळणखड्ड्यातून तिच्याकडे वळवावे. बोअर नसेल तर निदान छताच्या पाइपचे तोंड मातीत न सोडता चारीत सोडावे.

माती

बांधकाम झालेल्या प्लॉटवर वरची सहा इंच माती चांगली दिसते, पण तिच्याखाली सिमेंटचे गोळे, चुना, फरशीचे तुकडे आणि पोती असा सगळा मलबा दाबलेला असतो. जिथे झाडे लावायची आहेत तेवढ्याच जागेचा मलबा दीड ते दोन फूट खोल सब्बल-फावड्याने काढावा. संपूर्ण अंगण खोदण्याची गरज नाही. निघालेला मलबा फेकू नये, कारण रस्त्याच्या बाजूने अंगण उंच करायचे असेल तर मुरमाखालचा भराव म्हणून तो उपयोगी पडतो.

त्यानंतर एक सोपी परीक्षा करावी. एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा आणि घड्याळ पाहावे. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांनंतरही उभे असेल, तर त्या जागी थेट जमिनीत लावलेली बहुतेक झाडे पावसाळ्यात मुळे कुजून मरू शकतात. अशा ठिकाणी नऊ ते बारा इंच उंचीचे वाफे करावेत. त्यांच्या कडेला बांधकामातून उरलेल्या विटा किंवा फ्लाय अॅशच्या विटा लावता येतात; कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे या विटा आपल्याकडे सहज मिळतात. चिकट काळ्या मातीत घमेलेभर रेती मिसळून ती भुसभुशीत होईल अशी समजूत आहे, पण थोड्या रेतीने ती उलट अधिक घट्ट बसते. चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत हाच खरा उपाय आहे: तीन घमेली मातीला एक घमेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. ताजे शेण वापरू नये. त्याने वाळवीही लागते आणि मुळेही भाजतात.

जमीन किती झाकावी

चिखल नको म्हणून संपूर्ण अंगणावर काँक्रीट ओतण्याची पद्धत शहरभर रुजली आहे, आणि माझ्या मते नव्या घराच्या बाबतीत याहून महाग चूक दुसरी नाही. पारा ४५ अंशांवर गेल्यावर ते काँक्रीट दिवसभर तापते, रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि पोर्चमध्ये बसणे अशक्य करते. शिवाय पावसाचे सगळे पाणी एकदम रस्त्यावर लोटते. गाडीसाठी चाकांपुरत्या दोन-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात आणि मधली जागा गिट्टीने भरता येते. चालण्याच्या वाटेसाठी फरशीच्या दुकानांतून कोटा किंवा शहाबादीचे तुटके तुकडे विचारावेत. पूर्ण फरशीच्या मानाने ते फारच स्वस्त पडतात. वरची सहा इंच काळी माती काढून चार इंच मुरूम पाणी मारून धुम्मसने (माती ठोकण्याच्या जड ठोकळ्याने) ठोकावा, त्यावर दोन इंच चुरी (दगडाचा बारीक चुरा) पसरावी आणि फरशी बसवावी. मुरूम न ठोकता काळ्या मातीवरच ठेवलेली फरशी पहिल्याच पावसाळ्यात डुगडुगू लागते.

हिरवळीचा मोह पहिली दोन वर्षे आवरावा. अवघ्या २०० चौरस फुटांच्या हिरवळीला उन्हाळ्यात रोज सुमारे १०० लिटर पाणी लागते, आणि टँकरच्या दिवसांत ते देणे योग्यही नाही.

भिंत आणि फाटक

नवे प्लास्टर निदान महिनाभर चांगले मुरून वाळू द्यावे, कारण ओलसर भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे निघतात. रंगकामासाठी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेच्या तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे दिसतात. ३० फूट दर्शनी रुंदीच्या प्लॉटवर फाटक सोडून साधारण २० फूट भिंत उरते. ती पाच फूट उंच असेल तर दोन्ही बाजू मिळून २०० चौरस फूट होतात, आणि बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत ५० ते ६० चौरस फूट जात असल्याने चार लिटरचा एक डबा पुरतो. हा हिशेब स्वतः करून दुकानात गेल्यास दहा लिटरचा डबा उगाच घरी येत नाही.

जुन्या घरांना वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा असे, त्यामागे शहाणपण होते: चिखलाचे शिंतोडे गेरूत लपून जात. आजही भिंतीचा खालचा दोन फूट भाग विटकरी किंवा गडद राखाडी ठेवावा आणि भिंतीच्या तळाशी एक फूट रुंदीचा गिट्टीचा पट्टा टाकावा, म्हणजे पावसाचे थेंब मातीवर न पडता गिट्टीवर पडतात आणि शिंतोडे उडतच नाहीत. आमची भिंत या एका उपायाने तीन पावसाळे स्वच्छ राहिली आहे.

लोखंडी फाटक बदलण्याची गरज क्वचितच असते. पॉलिश पेपरने गंज पूर्ण घासून काढावा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्यावेत. हे काम घरची माणसे दोन रविवारांत करू शकतात. कुलरचा लोखंडी स्टँडही त्याच रंगात रंगवून घ्यावा, कारण दर्शनी खिडकीला लावलेला गंजका स्टँड उरलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. आपल्याकडे पत्ता प्लॉट नंबर आणि लेआउटच्या नावानेच शोधला जातो, तेव्हा प्लॉट नंबर निदान चार इंच उंचीच्या अंकांत, रस्त्यावरून दिसेल असा लावावा आणि त्याच्यावर पिवळसर प्रकाशाचा ९ वॅटचा एलईडी दिवा द्यावा. एवढ्या छोट्या गोष्टीने संध्याकाळी घर राहते वाटते.

झाडे

प्लॉटवर आधीपासून मोठे झाड असेल तर ते ठेवावे, आणि घर त्याच्या सावलीत बसते आहे याचा आनंद मानावा. तोडणे अपरिहार्यच असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या राज्य कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते.

नव्या झाडांसाठी मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावेत. जूनच्या मध्यानंतर दोन-तीन चांगले पाऊस झाले की खतमाती भरून रोपे लावावीत. नर्सरीतून फूट-दीड फुटाचीच रोपे आणावीत. पाच फुटांचे झाड अनेक पट महाग असते, आणि दोन वर्षांनी लहान रोप त्याच्या बरोबरीला येते.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराला दुपारचे ऊन थेट लागते, तिथे बोगनवेल आणि पिवळा टेकोमा यांना तोड नाही. बोगनवेलीला भर उन्हात आणि थोडक्या पाण्यात बहर येतो; लाडाने रोज पाणी दिले की नुसती पानेच वाढतात. फाटकाच्या कमानीवर मधुमालती चढवावी: तिची फुले पांढरी उमलतात, गुलाबी होतात आणि लाल होऊन गळतात. कण्हेरही काटक आहे, पण तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले किंवा जनावरे असलेल्या घरी ती लावू नये. मोगऱ्याची जानेवारीच्या अखेरीस छाटणी करून काही दिवस पाणी तोडावे, म्हणजे उन्हाळ्यात फुलांनी लगडतो. पारिजातकाला कोपरा द्यावा, आणि कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराजवळ. पिंपळ, वड आणि उंबर घराजवळ नकोत. भिंतीच्या फटीत त्यांचे रोप उगवले तर लहान असतानाच मुळासकट काढावे.

संत्र्याचे झाड अंगणात असावे असे प्रत्येक नागपूरकराला वाटते, परंतु पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत संत्र्याला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. उंच वाफा आणि उत्तम निचरा असेल तरच ते लावावे, तेही खात्रीच्या ठिकाणची कलमे आणून; अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत याबाबत विचारता येते. तेवढी खटपट नको असेल तर त्याच उंच वाफ्यात लिंबू अधिक समाधान देतो.

पहिला उन्हाळा रोपांसाठी परीक्षेचा असतो. आळ्यात दोन-तीन इंच जाडीचे कुटार (पिकांचा वाळलेला भुसा) किंवा वाळलेला पाला पसरावा, मार्चच्या अखेरीस कोवळ्या रोपांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, तेही रोज थोडे न देता एक-दोन दिवसांआड भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. कुलरच्या टाकीचे पाणी डासांसाठी आठवड्यातून एकदा रिकामे करावेच लागते. ते बोगनवेल किंवा टेकोमाच्या मुळाशी चालते, पण सतत वाफ होऊन त्यात क्षार साठलेले असतात, म्हणून कुंड्यांना, तुळशीला आणि लिंबूवर्गीय झाडांना ते घालू नये.

खर्चाची वाटणी विचाराल, तर हाती ४० हजार रुपये असल्यास त्यातले निम्मे उतार, चारी आणि वाटेसाठी ठेवावेत, दहा-बारा हजार भिंत आणि फाटकासाठी, आणि उरलेले माती, खत व रोपांसाठी. तेवढे एकदम नसतील तर पहिल्या वर्षी फक्त पाण्याचे काम करून पावसाळाभर अंगणाकडे लक्ष ठेवावे, आणि पाणी जिथे जिथे थांबले तिथे खुंट्या ठोकून ठेवाव्यात. दिवाळीनंतर मिस्त्री येईल तेव्हा त्याला त्या खुंट्याच दाखवता येतात.