सेंट पॅट्रिक्स डेच्या जेवणाला सोडा ब्रेड: ताक ओतण्याआधीची तयारी

१७ मार्चच्या, म्हणजे आयर्लंडच्या या सणाच्या जेवणाला घरी सोडा ब्रेड, यीस्टऐवजी सोड्याने फुगणारा तिथला पाव, करायचं ठरवलं असेल तर कृती पाठ करत बसू नका. ती चार जिन्नसांची आहे: मैदा, खायचा सोडा, मीठ आणि ताक. मेहनत आहे ती त्याआधीची. यीस्टचं पीठ मळून उबेला ठेवलं की बाजारात जाऊन येता येतं. इथे ताक पिठाला लागलं की ताकातलं आम्ल आणि सोडा लगेच कामाला लागतात, वायू सुटायला लागतो आणि पीठ जितका वेळ पडून राहील तितका तो वाया जातो. म्हणून ओव्हन तापलेला, ट्रेवर पीठ भुरभुरलेलं, सुरी हाताशी, आणि दाराची बेल वाजली तर उघडायला दुसरं कुणीतरी, एवढं जमल्यावरच ताकाच्या भांड्याला हात लावायचा.

चार-पाच दिवस आधी सोड्याचा डबा उघडून बघा. ढोकळ्यासाठी आणलेला आणि दोन पावसाळे काढलेला सोडा असेल तर वाटीत लिंबाचा रस घेऊन त्यात चिमूटभर टाका. जोरात फसफसला तर ठीक, नाही तर नवा आणा. आयर्लंडच्या दुकानात याच सोड्याच्या पाकिटावर ‘ब्रेड सोडा’ लिहिलेलं असतं. बेकिंग पावडर आणू नका. तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं आणि आपल्याला ते ताकातून मिळणार आहे. हीच गोष्ट इनोची. ते परातीतच सगळा जोर संपवतं.

पिठाच्या बाबतीत भारतात राहणाऱ्यांचं काम सोपं आहे, साधा मैदा चालतो. परदेशात असाल तर ‘स्ट्राँग’ किंवा ‘ब्रेड फ्लॉवर’ लिहिलेलं पाकीट परत ठेवा, ‘सेल्फ रेझिंग’सुद्धा. आयर्लंडच्या ओलसर, थंड हवेत पिकणारा गहू मऊ, कमी ग्लुटेनचा, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन त्यात कमी. यीस्टने फुगवलेला उंच पाव त्याच्यातून नीट उभा राहत नाही, सोड्याने फुगणाऱ्या पावाला मात्र तोच हवा. १८३०च्या दशकापासून सोडा तिथल्या घरांत पोहोचू लागला आणि हा ब्रेड पसरला तो याच कारणाने. शिवाय गावाकडच्या बहुतेक घरांत ओव्हन नव्हता. चुलीवर टांगलेल्या झाकणाच्या लोखंडी भांड्यात, ज्याला तिथे ‘बॅस्टिबल’ म्हणतात, कणीक ठेवायची आणि झाकणावर पीटचे, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीचे, निखारे रचायचे. घरी जाड बिडाचं झाकणवालं भांडं असेल तर ते ओव्हनमध्ये तापवून त्यात भाजलेला ब्रेड फार छान होतो. भांडं मात्र आधीपासून तापायला हवं, हेही यादीत धरा.

तपकिरी ब्रेड करायचा असेल तर गिरणीत एक फेरी मारावी लागेल. आयरिश होलमील जाडसर असतं, त्यात कोंड्याचे तुकडे दिसतात. आपली चपातीची कणीक फार बारीक. ती ताक पीत राहते आणि ब्रेड दगडासारखा बसतो. लाडवांसाठी दळतात तसं जाडसर पीठ दळून आणा आणि ते निम्मं, मैदा निम्मा असं घ्या. वर मूठभर कोंडा. सूपबरोबर किंवा स्मोक्ड सॅमनखाली हाच ब्रेड शोभतो.

मनुके घालायचे की नाही, हेही आधीच ठरवा, कारण त्यावर बाकीचं जेवण अवलंबून आहे. आयर्लंडमधला रोजचा सोडा ब्रेड साधा असतो. मनुके, थोडी साखर, कधी अंडं घातलं की तो ‘स्पॉटेड डॉग’ होतो आणि चहाच्या बाजूला जातो. शहाजिरं घातलेला, केकच्या जवळ जाणारा गोड प्रकार मुख्यतः अमेरिकेतल्या आयरिश घरांत रुळला. माझं मत विचाराल तर जेवणाला साधाच करा. घरात अंडं न चालणारे पाहुणे असतील तर प्रश्नच मिटतो, साध्या ब्रेडमध्ये अंडं नाही, यीस्टही नाही.

आदल्या दिवशीचं मुख्य काम ताक. पाऊण लिटर विरजून ठेवलेलं असलं की निर्धास्त. आयर्लंडमध्ये पुड्यात मिळणारं ताक दाटसर आणि आंबट असतं, आपल्या जेवणानंतरच्या पातळ ताकासारखं नाही. तेव्हा चांगलं आंबट दही घ्या, तीन वाट्या दह्याला एक वाटी दूध किंवा पाणी घालून घुसळा. मीठ, जिरं, हिंग काही नको. साय विरजून लोणी काढणाऱ्या घरात तर दोन्ही कामं एकदम होतात. जुन्या आयरिश शेतघरातही असंच असे: लोणी काढलं की ताक उरायचं आणि ते ब्रेडमध्ये जायचं. लोणी बाजूला काढून त्यात मीठ घालून ठेवा, ब्रेडला तेच लावायचं आहे. ऐन वेळी ताक कमी पडलं तर दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवलं तरी वेळ निभावते, पण चव उणी राहते.

पाहुण्यांत शाकाहारी असतील तर ब्रेडपेक्षा बाजूच्या पदार्थांकडे लक्ष द्या. या दिवशी आयर्लंडमध्ये बेकन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, आणि कोबी हे नेहमीचं जेवण. हा सण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासाच्या काळात येतो, पण त्या दिवसापुरती मांस खायची मुभा असते. कोबी बऱ्याचदा बेकन शिजवलेल्याच पाण्यात उकडतात, म्हणून शाकाहारी माणसांसाठी तो वेगळ्या पातेल्यात टाका. लीक (पातीच्या कांद्यासारखी जाड भाजी) आणि बटाट्याचं सूप चिकनच्या पाण्याऐवजी भाज्यांच्या पाण्यात करा. कॉलकॅनन, म्हणजे कोबी किंवा केल ही त्याच जातीची पालेभाजी घालून लोण्यात घोटलेला बटाटा, तो सगळ्यांना चालतो आणि एकट्या ब्रेडबरोबरही पोटभर होतो.

आता ओव्हनचं वेळापत्रक. ब्रेडला आधी २३० अंश लागतात, मग २००. त्याच ओव्हनमध्ये काही रोस्ट करायचं असेल तर आधी ब्रेड, मग रोस्ट. दुपारी एकला जेवायचं असेल तर ब्रेड अकराला आत, पावणेबाराला बाहेर. गरमागरम कापायचा मोह होतो, पण आतला भाग तेव्हा चिकट असतो आणि सुरीला लागतो. तासभर जाळीवर निवला की कापा. पंख्याच्या ओव्हनमध्ये तापमान वीस अंशांनी कमी ठेवा. छोट्या ओटीजीत वरची कॉइल ब्रेडच्या डोक्यावर येते, तिथे सगळ्यात खालची पट्टी वापरा.

अकराच्या आधी अर्धा तास ओव्हन लावा आणि मोजमाप उरका. साडेचारशे ग्रॅम मैदा, चहाचा एक सपाट चमचा सोडा, तेवढंच मीठ, आणि ३५० ते ४०० मिली ताक. चमचा सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने सपाट केलेला. सोडा जास्त झाला तर ब्रेड साबणासारखा लागतो आणि पिवळसर-हिरवट दिसतो. हिरव्या सणाला हिरवा ब्रेड, पण असा नव्हे. खाण्याचा रंग घालायचा बेत असेल तर तोही सोडून द्या. सोड्याच्या गुठळ्या तळहातावर चोळून मोडा आणि मैदा, मीठ, सोडा सगळं एकत्र चाळून परातीत घ्या, नाही तर कापल्यावर कडवट डाग निघतात.

मग खड्डा करून बहुतेक ताक एकदम ओता. बोटं फाकवून, पंजा ताठ ठेवून परातीच्या मधून कडेकडे गोल फिरवा. पीठ जमेल तितकं ओलं, मऊ हवं. कोरडं वाटलं तरच उरलेलं ताक. चपातीची सवय असलेल्या हातांना आवरा, मळायचं अजिबात नाही, मळलं की ग्लुटेन ताठ होतो आणि ब्रेड चिवट होतो. ओट्यावर पीठ भुरभुरून गोळा अलगद फिरवून घ्या, सुमारे चार सेंटीमीटर जाडीचा चपटा गोल करा, ट्रेवर ठेवा. वर सुरीने एका कडेपासून दुसरीपर्यंत खोल फुली मारा. जाड मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचावी म्हणून ती असते. परी बाहेर पडाव्यात म्हणून असते, असंही आयर्लंडमधल्या आज्या सांगतात, आणि मुलं जेवायला असतील तर हे परींचंच कारण सांगा.

पंधरा मिनिटं २३०वर, मग २०० करून आणखी तीस. उलटा करून बुडावर बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला की झाला, भद्द आला तर बुड वर करून पाच मिनिटं आत. मऊ पापुद्रा आवडत असेल तर बाहेर काढल्याबरोबर स्वच्छ सुती पंच्यात गुंडाळा. कुरकुरीत हवा असेल तर उघडा ठेवा.

ओव्हनच नसेल तर बेत रद्द करू नका. उत्तर आयर्लंडमध्ये हेच पीठ तव्यावर भाजतात. दोन सेंटीमीटरहून पातळ थापून चार भाग करायचे, पीठ भुरभुरलेल्या जाड तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजायचे, मग कडा उभ्या करून शेकायच्या. त्यांना ‘फार्ल’ म्हणतात. मोठ्या पंगतीसाठी मात्र तव्यावर वेळ जातो, हे लक्षात ठेवून अर्धे आधीच भाजून पंच्यात गुंडाळा.

लोणी जेवणाच्या दोन तास आधी फ्रिजबाहेर काढा. मार्चमधल्या पुण्यात अर्धा तास पुरतो. ब्रेड त्याच दिवशीचा, दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, म्हणून उरेलसं दिसलं तर संध्याकाळीच काप करून फ्रीझरमध्ये टाका. सकाळी ते थेट टोस्टरमध्ये जातात.