ईव्हीत हायड्रोजन फ्युएल सेल टाकायचाय? आधी हा हिशोब करा

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारा सेल, आणि असे बरेच सेल एकावर एक रचले की झाला स्टॅक. स्टॅक कुठला घेऊ, किती किलोवॅटचा घेऊ, जवळपास सगळे इथूनच सुरू करतात. पण आधी गाडी किती वीज खाते ते काढा, आणि त्याचे दोन आकडे काढा, सरासरी किती आणि जास्तीत जास्त किती. फ्युएल सेल सरासरीसाठी, बॅटरी अचानक लागणाऱ्या जादा विजेसाठी, एवढं डोक्यात फिट बसलं की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

समजा मालवाहू तीनचाकी आहे, ताशी ४० किमीने चालते आणि किलोमीटरला ५० वॅट-अवर खाते, म्हणजे सरासरी २ किलोवॅट. माल भरून चढ चढताना मात्र ६ किलोवॅट ओढते. तर ६ चा स्टॅक घ्यायचा नाही! स्टॅकला हवा देणारा ब्लोअर, पंप, व्होल्टेज जुळवणारा कन्व्हर्टर हेही थोडी वीज खाणारच, ते धरून अडीच किलोवॅटचा स्टॅक पुरतो, आणि सोबत ४८ व्होल्टची ३ किलोवॅट-अवरची लिथियम बॅटरी. चढाला बॅटरी धावून येते, सपाटीला स्टॅक तिला हळूहळू भरत राहतो, आणि ब्रेक मारल्यावर परत येणारी वीजही तिच्यातच जाते कारण फ्युएल सेल वीज परत घेऊच शकत नाही. टोयोटा मिराईच्या दुसऱ्या पिढीत १२८ किलोवॅटचा दांडगा स्टॅक आहे, तरी छोटी लिथियम बॅटरी त्यांनीही ठेवलीच आहे.

आता गॅस. १ किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ किलोवॅट-अवर ऊर्जा असते, स्टॅक त्यातली साधारण निम्मी वीज करून देतो, बाकीची उष्णता होते. ब्लोअर, पंप वगैरेंचा खर्च वजा जाता हातात १४-१५ किलोवॅट-अवर उरतात असं धरा. आपल्या तीनचाकीला १०० किमीला ५ किलोवॅट-अवर लागतात म्हणजे ३५० ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन. ऐकायला फारच थोडा वाटतो, पण ३५० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ३५० पट दाबला तरी लिटरमागे जेमतेम २४ ग्रॅम बसतो, म्हणजे १५ लिटरची टाकी आली.

आणि इथे थांबून स्वतःला खरं उत्तर द्या. १०० किमीच हवेत तर ५ किलोवॅट-अवरची जादा बॅटरी ३५ किलोच्या आत बसते, मग टाकी, रेग्युलेटर, स्टॅक, रेडिएटर एवढा पसारा कशाला? माझ्या मते एवढ्या अंतराला फ्युएल सेल म्हणजे निव्वळ हौस. ४०० किमी हवेत, गाडी दिवसभर थांबवून चार्ज करायला वेळ नाही, तर मात्र गणित उलटतं, १.४ किलो हायड्रोजन टाकीसकट ३० किलोच्या आसपास आणि तेवढीच वीज देणारी बॅटरी १३० किलोच्या वर. घरच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन बनवू म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, १ किलोला ५० ते ५५ युनिट लागतात आणि परत मिळतात १५. तेवढी वीज सरळ बॅटरीत घाला ना.

स्टॅक निवडताना व्होल्टेज बघा. एक सेल लोडवर, म्हणजे त्यातून वीज ओढली जात असताना, साधारण ०.६५ व्होल्ट देतो, म्हणून ७२ सेलचा स्टॅक लोडवर ४७ च्या आसपास असतो पण लोड काढला की ६८ पर्यंत उडी मारतो, आणि हा थेट ४८ व्होल्टच्या बॅटरीला जोडला तर काय होईल सांगायला नको. मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर पाहिजेच, आणि तो करंटला लिमिट लावता येणारा घ्या, म्हणजे स्टॅकमधून किती ओढायचं ते आपण ठरवतो, मोटर नाही.

गॅसच्या शुद्धतेत काटकसर नको. गाड्यांसाठीच्या स्टँडर्डमध्ये ९९.९७ टक्के शुद्धता आहे, पण खरी भानगड उरलेल्या ०.०३ टक्क्यात काय आहे याची. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखात ०.२ भागांवर गेला तरी चालत नाही, तो सेलमधल्या प्लॅटिनमवर, म्हणजे वीज करणारी क्रिया घडवणाऱ्या कॅटॅलिस्टवर, चिकटून बसतो. गंधक तर त्याहून वाईट. म्हणूनच स्वयंपाकाच्या गॅससारखा वास यात मिसळता येत नाही, कारण त्या वासात गंधक असतं. हवेच्या बाजूलाही चांगला फिल्टर लावा, ट्रकच्या मागे लागून चालणाऱ्या गाडीला तर नक्कीच.

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, ज्योतही उजेडात दिसत नाही, आणि हवेत ४ ते ७५ टक्के असला की पेटतो, त्यामुळे सेन्सर हाच आपला नाक आणि डोळा. गॅस वर जातो म्हणून सेन्सर डब्याच्या छताला लावा, १ टक्क्यावर अलार्म आणि टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप बंद, आणि तो व्हॉल्व्ह वीज गेली की बंदच होणारा असू दे. छताला भोकं ठेवा. पाइप ३१६एल स्टेनलेसचा, रबरी नळी अजिबात नको. टाकी, रेग्युलेटर आणि हाय प्रेशरची जोडणी सर्टिफाइड माणसाकडूनच, इथे जुगाड नाही म्हणजे नाही.

रेडिएटर मोठा लागतो, अंदाजापेक्षा मोठा. अडीच किलोवॅट वीज काढताना तेवढीच उष्णताही निघते, पेट्रोल इंजिनात बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते, इथे तसं नाही. त्यात स्टॅक ६५ अंशांवर चालतो, बाहेर ४० असेल तर फरक फक्त २५ अंशांचा. पाणीही निघतं, किलोभर हायड्रोजनला ९ किलो, त्याची नळी सर्वात खालच्या बाजूला काढा आणि चाकाखाली येणार नाही असं बघा.

शेवटचं सेटिंग कंट्रोलरचं. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की स्टॅक चालू, ८० ला बंद, आणि मधल्या वेळात शक्यतो एकाच लोडवर निवांत चालू दे. दर सिग्नलला चालू-बंद केलात तर कॅटॅलिस्ट लवकर जातो, आणि लोड न देता नुसता चालू ठेवलात तरी जातो कारण सेलचं व्होल्टेज वर राहतं. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी गाडी लावायची असेल तर बंद करताना आतलं पाणी हवेने बाहेर काढणारा पर्ज कंट्रोलरमध्ये आहे ना, हे स्टॅक विकत घ्यायच्या आधी विचारून घ्या.